नाहीशा झालेल्या कोटाची साक्ष : मुंबईच्या किल्ल्याची स्थलनामे आणि त्यांचा इतिहासलेखनातील उपयोग

(१)

पाडलेल्या किल्ल्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे तीन प्रकारची साधने असतात : कागद, दगड आणि नावे. मुंबईच्या किल्ल्याच्या बाबतीत कागद विपुल आहेत, दगड जवळजवळ नाहीत, आणि नावे मात्र रोज लक्षावधी लोकांच्या तोंडी आहेत. ‘फोर्ट’ या नावाच्या भागात कोठेही किल्ला दिसत नाही. ‘चर्चगेट’ म्हणून ज्या जागी आपण उतरतो तेथे कधीही दरवाजा नव्हता. ‘बझारगेट’च्या दरवाजाचा चौकटीपुरताही अवशेष राहिलेला नाही. तथापि मुंबईविषयी लिहिणारे बहुतेक लेखक, मराठी असोत वा इंग्रज, या नावांचा साक्षीदार म्हणून सर्रास उपयोग करतात. तो करताना साक्षीदाराची उलटतपासणी मात्र क्वचितच होते. ही उलटतपासणी कशी व्हावी, आणि ती झाल्यास कोटाविषयी आपल्याला कोणते नवे ज्ञान मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे वळण्यास एक साधा प्रसंग कारण झाला. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना घेऊन प्रस्तुत लेखक एकदा हुतात्मा चौकात उभा होता. नकाशा न पाहता केवळ नावांच्या आधारे कोटाची पश्चिमेकडील हद्द दाखवा, असे त्यांना सांगितले. बहुतेकांनी क्षणाचाही विलंब न लावता पश्चिमेकडे, चर्चगेट स्थानकाच्या दिशेला बोट दाखविले. वस्तुतः चर्चगेट हा कोटाचा दरवाजा ते उभे होते तेथेच, आजच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास होता. विद्यार्थ्यांची चूक समजण्यासारखी होती, कारण ती नावानेच त्यांच्याकडून करविली होती. परंतु हीच चूक थोड्याफार फरकाने छापील ग्रंथांतही होते, आणि ती मात्र क्षम्य नाही.

(२)

प्रथम कोटाचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

१६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे जावयाचे ठरले. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला, आणि १६६८ मध्ये राजाने वार्षिक दहा पौंड खंडाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. ज्या पोर्तुगीज वाड्यात एके काळी गार्सिया द ऑर्ता हा प्रसिद्ध वैद्य भाडेपट्ट्याने राहत असे, तोच वाढवून व तटबंद करून कंपनीने आपला मुख्य किल्ला केला. हाच ‘बॉम्बे कॅसल’. त्याचे स्थान बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे जेथे खोल व निवाऱ्याचे बंदर आहे तेथे होते. किल्ल्याचे तोंड बंदराकडे व पाठ बेटाकडे, अशी ही रचना होती. समुद्रातून येणाऱ्या शत्रूला ती पुरेशी होती. बेटावर उतरून पाठीमागून येणाऱ्या शत्रूला नव्हती. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान १६८९ मध्ये बेटावर उतरला तेव्हा हे उघड झाले. कंपनीचे लोक किल्ल्यात कोंडले गेले, आणि अखेर औरंगजेबाकडे क्षमायाचना करून व दंड भरून त्यांना सुटका करून घ्यावी लागली.

म्हणून किल्ल्याभोवती वसलेल्या गावालाच तट घालणे क्रमप्राप्त झाले. चार्ल्स बून या गव्हर्नराच्या कारकिर्दीत (१७१५–२२) ते काम पुरे झाले. या काळाकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. पश्चिम किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचे आरमार तेव्हा प्रबळ होते. इंग्रजांची १७१८ मधील खांदेरीवरची मोहीम आणि पोर्तुगीजांच्या साह्याने १७२१ मध्ये केलेली कुलाब्यावरची मोहीम, दोन्ही फसल्या. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ याच सुमाराचे, म्हणजे १७१६ च्या आसपासचे आहे. त्यात टोपीकरांना समुद्रकिनारी वा खाडीच्या तोंडाशी पक्क्या वास्तूसाठी जागा देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. अमात्य हा इशारा लिहीत होते त्याच सुमारास मुंबईत कोटाचा तट वर चढत होता.

पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांना धडकी भरली. कोटाभोवती खंदक खणण्याचे काम निघाले, आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. खंदकापलीकडची माडांची झाडे व घरे तोडून तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी जागा केली गेली. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली, तीनंतर ही मोकळी जागा आणखी वाढविण्यात आली. दरम्यान उत्तरेस डोंगरीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी १७६९ मध्ये फोर्ट जॉर्ज उभा राहिला होता.

या सर्व खटाटोपाचे खरे प्रयोजन बंदर आणि त्यातील गोदी हेच होते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३५–३६ पासून मुंबईच्या गोदीचा पाया घातला. १७५० मध्ये तेथे कोरडी गोदी झाली, आणि पुढे वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही जतन करून ठेवलेली आहे. म्हणजे ज्या कोटाने या गोदीचे रक्षण केले तो गेला, आणि गोदीत घडलेले लाकडी गलबत मात्र टिकले.

१८१८ नंतर जमिनीवरून येणारा शत्रू उरला नाही. तट व खंदक हे आरोग्याला घातक व रहदारीला अडसर ठरू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाच्या व्यापारात आलेल्या पैशाने जमिनीला भाव आला. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) तट पाडला गेला आणि खंदक बुजविला गेला. फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा आणि मूळ कॅसलचे काही अवशेष सोडल्यास दगडांची साक्ष तेथे संपली.

(३)

आता नावांकडे वळू. कोटाला तीन दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, पश्चिमेस चर्चगेट, उत्तरेस बझारगेट. या तिन्ही नावांची जात एक आहे असे समजून आजवर विवेचन झालेले आहे. ती एक नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

चर्चगेट हे नाव सेंट थॉमस या देवळावरून आले. हे देऊळ १७१८ मध्ये उपासनेस खुले झाले. ते कोटाच्या आत आहे. बझारगेट हे नाव उत्तर भागातील हिंदी व्यापाऱ्यांच्या पेठेवरून पडले. तीही कोटाच्या आतच होती. म्हणजे ही दोन्ही नावे दरवाजातून आत आल्यावर काय लागते ते सांगतात. ती कोटात राहणाऱ्याच्या दृष्टीची नावे आहेत. आपल्याकडील दरवाजांची नावे सामान्यतः याच्या उलट पद्धतीने पडतात. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा औरंगाबादचा पैठण दरवाजा, ही नावे दरवाजातून बाहेर पडणारी वाट कोठे जाते ते सांगतात. अपोलो गेट या नावाची रीत नेमकी ही आहे : त्या दरवाजातून बाहेर पडणारा अपोलो बंदरावर जाई, आणि मराठी माणूस त्या बंदराला ‘पालवा’ म्हणे. तिघांपैकी हे एकच नाव बाहेरचे आहे. म्हणून ‘अपोलो’ आणि ‘पालवा’ यांपैकी मूळ कोणते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. कोटाच्या आधी, कोटाच्या बाहेर, ज्यांची वस्ती व वहिवाट होती त्यांची खूण कोटाच्या नामव्यवस्थेत उरली आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ मधील कोशात या नावाची नोंद आहे. ती नोंद प्रामाणिक आहे, परंतु तीत निवाडा नाही. तेथे अनेक मते एकत्र ठेवलेली आहेत : पालवा नावाच्या माशावरून हे नाव पडले, असे एक, होळीच्या पोळीवरून पडले, असे दुसरे, कलकत्त्यास अपोलो नावाची खाणावळ होती तशी येथेही असावी, असे तिसरे, आणि डॉ. जॉन विल्सन यांचे, की ‘अपोलो’ हा ‘पालवा’चा अपभ्रंश आहे, असे चौथे.

यांतील पोळीचे मत प्रथम बाजूला ठेवावे. ‘पोळी’तील दीर्घ ‘ओ’ आणि ‘ळ’ यांपासून ‘पालवा’तील ‘आ’ आणि ‘ल’ येण्यास मराठीत कोणतीही वाट नाही. मराठी बोलणाराने ‘ळ’ सोडून ‘ल’ म्हणावा, आणि तोही इतक्या परिचित शब्दात, हे संभवत नाही. ही उघड लोकव्युत्पत्ती आहे.

खाणावळीचे मत मात्र इतके सहज फेटाळता येत नाही, आणि येथेच भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने स्वतःविरुद्ध पुरावा मांडण्याची तयारी ठेवली पाहिजे. ‘अपोलो’वरून मराठीत ‘पालो’ होऊ शकेल काय? ध्वनिदृष्ट्या होऊ शकेल. शब्दारंभीचा निर्बल स्वर गळून पडणे मराठीला अपरिचित नाही. अरण्याचे रान झाले, अरघट्टाचा रहाट झाला. इंग्रजीतील ऱ्हस्व विवृत ‘ऑ’ आपल्या तोंडी ‘आ’ होतो : लॉर्डचा लाट झाला, ऑफिसचे हापिस झाले, डॉक्टरचा डाक्तर झाला. तेव्हा ‘पालो’ हे रूप ‘अपोलो’पासून निघणे अशक्य म्हणता येत नाही. उलट दिशेने, ‘पालो’ ऐकून इंग्रजाने ‘अपोलो’ करणेही तितकेच शक्य आहे. ऐकलेल्या परक्या ध्वनींना ओळखीच्या नावाचा पोशाख चढविणे ही इंग्रजी कानाची जुनी सवय आहे. ज्या कोशाचा आपण आधार घेत आहोत त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नावच मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे इंग्रज शिपायांनी केलेले रूपांतर आहे. सारांश, ध्वनिनियम दोन्ही बाजूंना सारखेच अनुकूल आहेत. केवळ ध्वनीच्या आधारे ‘पालवा’ मूळ आहे असे ठासून सांगणारे मराठी लेखक योग्य निष्कर्षावर अयोग्य मार्गाने पोचले आहेत.

निर्णायक पुरावा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तो त्याच कोशात दुर्लक्षित पडून आहे. न्यायमूर्ती मायकेल वेस्ट्रॉप यांच्या निकालपत्रातून घेतलेल्या उताऱ्यात, अठराव्या शतकातील इंग्रजी कागदात, हे नाव ‘पालो’ असे येते. यूल यांनी त्याकडे स्थानिक लोकांच्या उच्चाराची खूण म्हणून पाहिले आणि तेवढ्यावर ते थांबले. परंतु पाठचिकित्सेचा सर्वमान्य नियम येथे लावून पाहावा. दोन पाठांपैकी एक लेखकाला ओळखीचा व दुसरा अनोळखी असेल, तर अनोळखी पाठ सामान्यतः जुना मानावा. कारण लेखनिक अनोळखी शब्दाचा ओळखीचा करतो, ओळखीच्या शब्दाचा अनोळखी करीत नाही. ‘अपोलो’ हे ग्रीक देवतेचे नाव कोणत्याही साक्षर इंग्रजाला माहीत होते. मूळ नाव ‘अपोलो’ असते तर इंग्रज कारकुनाने ते मोडून ‘पालो’ असे निरर्थक रूप कशासाठी लिहावे? उलट ‘पालो’ ऐकणाऱ्या पहिल्या पिढीने ते जसे ऐकले तसे लिहिले, आणि पुढील पिढ्यांनी त्याचा ‘अपोलो’ केला, ही उपपत्ती सरळ आहे. दरवाजाला बाहेरच्या ठिकाणाचे नाव देण्याची देशी रीत हा तिला मिळणारा पूरक दुजोरा. तो स्वतंत्र पुरावा मानू नये.

तेव्हा विल्सन यांचे मत ग्राह्य ठरते. त्याचा अर्थ असा की कंपनीच्या कोटाच्या दक्षिण दरवाजावर जवळजवळ दीडशे वर्षे जे नाव मिरवत होते ते मुळात किनाऱ्यावरच्या मराठीभाषक लोकांचे होते. बंदर त्यांचे होते. कोट नंतर आला. बंदराचे पुढे ‘वेलिंग्टन पिअर’ असे अधिकृत नामांतर झाले, तेही रुजले नाही. तेथे १९२४ मध्ये ‘गेटवे ऑफ इंडिया’ खुला झाला. तटाशिवाय उभा असलेला हा दरवाजा साऱ्या जगाला माहीत झाला. जुन्या मुंबईकराच्या तोंडी मात्र जागा ‘पालवा’च राहिली.

(४)

नावे स्थान बदलतात, हा दुसरा मुद्दा. चर्चगेट पाडल्यावर त्याच्या जागेजवळ १८६४ मध्ये कारंजे उभे राहिले. दरवाजाचे नाव रस्त्याला चिकटून राहिले, आणि त्या रस्त्याच्या पश्चिम टोकाला १८७० मध्ये आगगाडीचे स्थानक झाले तेव्हा ते स्थानकाला मिळाले. पुढे रस्त्याचे नाव वीर नरिमन मार्ग झाले, कारंज्याचा चौक हुतात्मा चौक झाला; त्यामुळे दरवाजा आणि स्थानक यांना जोडणारा मधला दुवाच निखळला. आज नाव दरवाजापासून अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतरावर एकटे उभे आहे.

डोंगरीची गोष्ट अशीच आहे. फोर्ट जॉर्ज ज्या टेकडीवर आला तिचे व तेथल्या जुन्या किल्ल्याचे नाव डोंगरी. आज ते नाव उत्तरेकडील वस्तीला आहे. फोर्ट जॉर्जच्या परिसरात आता सेंट जॉर्ज रुग्णालय आहे. किल्ला राजा जॉर्जच्या नावाचा, रुग्णालय संत जॉर्जच्या. वाचकाने सावध न राहिल्यास राजाचा संत व्हायला वेळ लागत नाही.

नाव वस्तूमागून जगते, पण वस्तूच्या जागी जगेलच असे नाही. म्हणून स्थाननिश्चितीसाठी नावाचा उपयोग सर्वात शेवटी, आणि नकाशाने दुजोरा दिल्यावरच करावा. कोटाची हद्द शोधायची तर नावांपेक्षा रिकाम्या जागांनी ती अधिक खरी सांगितली आहे. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याची शिल्लक आहे. तट गेला, खंदक गेला, आणि शत्रूच येऊ नये म्हणून राखलेल्या जागेवर आज मुले क्रिकेट खेळतात. कोटाचा सर्वात मोठा अवशेष म्हणजे ही मोकळी जागाच होय.

(५)

तिसरा मुद्दा व्याकरणाचा आहे, आणि इतिहासकारांनी त्याकडे अद्याप लक्ष दिलेले नाही. तट उभा होता तेव्हा मराठी व गुजराती बोलणारे त्याला ‘कोट’ म्हणत. कोट हे सामान्यनाम आहे. त्याला ‘आत’ आणि ‘बाहेर’ असते. ‘कोटात राहतो’, ‘कोटाबाहेर राहतो’ या प्रयोगांत भिंतीची, रात्री बंद होणाऱ्या दरवाजाची जाणीव आहे. आज आपण ‘फोर्टला जातो’ असे म्हणतो. गंतव्य दाखविणारा हा ‘ला’ मराठीत गावांच्या व ठिकाणांच्या विशेषनामांना लागतो : पुण्याला, दादरला. किल्ल्यात किंवा किल्ल्यावर जातात. ‘किल्ल्याला’ सहसा कोणी जात नाही. म्हणजे ‘कोटात’पासून ‘फोर्टला’पर्यंतच्या प्रवासात केवळ शब्द बदललेला नाही, प्रत्ययही बदलला आहे. सामान्यनामाचे विशेषनाम झाले, आणि वेढलेल्या जागेची केवळ एक जागा झाली. भिंत फ्रिअर यांच्या काळात पडली. भाषेतील भिंत त्यानंतर हळूहळू पडली.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे तट पाडण्याच्या ऐन काळात. या ग्रंथाचे मोल आजवर माहितीच्या दृष्टीने केले गेले. न. र. फाटक यांनी तो १९६१ मध्ये संपादून पुन्हा वाचकांपुढे आणला, हे मोठे उपकार होत. परंतु भाषाभ्यासकाला त्याचे दुसरे मोल आहे : कोट हे सामान्यनाम असतानाची ती शेवटची पिढी आहे. त्यातील प्रत्येक स्थलनामाची विभक्तिरूपांसह सूची होणे अगत्याचे आहे. १८८९ मधील आचार्य व शिंगणे यांच्या ‘मुंबईचा वृत्तांत’शी ती ताडून पाहिल्यास एका पिढीत शब्द कसा बदलला हे निश्चितपणे मांडता येईल.

(६)

येथे एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे, आणि ती प्रथम आपल्या स्वतःविरुद्ध आहे. मुंबईच्या स्थलनामांचा व्यवस्थित संग्रह १९१७ मध्ये शेपर्ड यांनी केला. तो परिश्रमपूर्वक केलेला आहे. परंतु त्याची मांडणी इंग्रजी रूपांच्या वर्णानुक्रमाने आहे. त्यामुळे ‘पालवा’ शोधणाऱ्याला प्रथम ‘अपोलो’कडे जावे लागते. अपभ्रंश मथळ्यात आणि मूळ मजकुरात, ही व्यवस्था आपण गेली शंभर वर्षे निमूटपणे स्वीकारली आहे. त्यासाठी शेपर्ड यांना दोष देणे व्यर्थ होय. त्यांनी आपल्या वाचकांसाठी लिहिले. आपण आपल्या वाचकांसाठी लिहिले नाही.

दरम्यान बझारगेट स्ट्रीटचा पेरिन नरिमन रस्ता झाला, अपोलो स्ट्रीटचा मुंबई समाचार मार्ग झाला, रॅम्पार्ट रोचा के. दुभाष मार्ग झाला. नामांतराला विरोध करण्याचे कारण नाही. जित्या शहराला आपली नावे बदलण्याचा अधिकार आहे, आणि ‘हुतात्मा चौक’ या नावामागे माणसांचे रक्त आहे. परंतु प्रत्येक नामांतराबरोबर एक साक्षीदार कमी होतो. त्याची जबानी आधी नोंदवून घेणे हे विद्यापीठीय विभागांचे काम आहे. कोळीवाड्यांतील व गोदीच्या आसपासच्या वृद्धांच्या तोंडची रूपे, उच्चार व प्रत्यय यांसह, मराठी वर्णानुक्रमाने टिपली पाहिजेत. हे काम खर्चाचे नाही, पण ते पुढे ढकलता येण्यासारखेही नाही.

शेवटी एक नाव उरते. कॅसलचे जे थोडे अवशेष आहेत ते आज भारतीय नौदलाच्या ठाण्याच्या आवारात आहेत, आणि त्या ठाण्याचे नाव ‘आंग्रे’ असे आहे. ज्यांच्या आरमाराच्या धास्तीने बून यांनी तटाचे काम पुरे करून घेतले, त्यांचेच नाव आज त्या तटाच्या उरल्यासुरल्या दगडांवर आहे. यात काव्यगत न्याय पाहणाऱ्याने अवश्य पाहावा. परंतु आणखी तीनशे वर्षांनी कोणी अभ्यासक केवळ या नावावरून हा किल्ला आंग्र्यांनी बांधला असा निष्कर्ष काढील, तर त्याला चूक दाखविणारा कागद आणि नावांची तारीखवार नोंद त्याच्या हाती असली पाहिजे. ती त्याच्या हाती ठेवणे आपल्याकडे आहे.